माहेरचे कुत्रे

माह्या लग्नात मायनं मले सोनं नाई देल्लं. तिच्याजवळ नव्हतंच. तिनं मले एक पाठ देल्ली, बकरीचं मादी पिल्लू. काळी कुळकुळीत, अन् डावा कान तेवढा पांढरा. बैलगाडीत ते पिल्लू माह्या पायापाशी बांधलं होतं अन् रस्ताभर माह्या नव्या लुगड्याचा काठ चघळत होतं. उतरल्या उतरल्या सासू म्हने, "सून आनली का बकरी आनली वं?" मी खाली मान घालून उभी. मनात म्हनलं, दोघी बी आलो.

त्या पाठीच्या पोटची पाठ, मंग तिच्या पोटची, असं करत करत आजवर माह्या कोठ्यात तिचीच वेल हाय. एखादीचा तरी डावा कान पांढरा निघतेच. बाकीच्या विकल्या. पोराचं शिक्षण त्याच्यावर झालं, बुढ्याचं, माह्या नवऱ्याचं, दवापानी त्याच्यावरच झालं. पन पांढऱ्या कानाची बकरी मी कधी बाजारात नाई नेली. बुढा बी म्हने, "ती राहू दे. ते तुह्यं माहेर हाय." बुढा जाऊन आता लय वर्षं झाले.

माहेर आमचं नदीकाठी होतं. होतं म्हनतो, कारन आता तिथं पानी हाय. धरन झालं, गाव उठलं. लोकाईले सडकेच्या बाजूले प्लॉट भेटले, माहा लहाना भाऊ तिथंच राहते. गाव उठलं त्या दिवशी मी गेली होती. लोकं दाराच्या चौकटी उपसून ट्रकमंदी भरून राहिले होते. घरावरचे कवेलू भरले, पाटे-वरवंटे भरले, कोंबड्या भरल्या. कुत्रे तेवढे राहिले. ट्रकच्या मागं पळत पळत शिवेपर्यंत आले अन् तिथं थांबले. कुत्र्याची हद्द असते नं. मंग वापस गेले, अन् आपापल्या घराच्या बिनचौकटीच्या दारात जाऊन बसले. कोनी येईन म्हनून.

पुढं पानी चढलं, गाव बुडालं. पन गावामागचं टेकाड नाई बुडालं. त्याच्यावर मातामायचा पार हाय. देवीले कोनी हलवलं नाई. म्हनून वर्षातून एकडाव सारे गावकरी तिथं जातात, बोकड कापतात, स्वैपाक करतात, जेवतात, जुन्या गोष्टी काढून रडतात, अन् घरी येतात. उष्टं-हाडकं तिथंच. कुत्रे त्याच टेकाडावर राहिले. त्याईले पिल्लं झाले, पिल्लाईले पिल्लं झाले. नव्याईनं मानसाच्या हातची भाकर कधी पाहिली नाई.

अन् त्या टेकाडाच्या इकडून आमचं शिवार हाय. मधात एक नाला. माहं सासर माहेराहून एवढंच दूर. पावसाच्या पान्यानं धरन भरलं का टेकाडाच्या तीन बाजूनं पानी होते, कोरडी वाट राहते ती एकच, आमच्या वावरात उतरते ती. म्हनून पोळा झाला का ते कुत्रे आमच्याकडं येतात. उंदीर खातात, घुस खातात. मागच्या वर्षापासून बकऱ्या खाऊन राहिले.

पहिले एक पिल्लू नेलं. मंग तुरीत दोन बकऱ्या पाडल्या. कुत्रं बकरीले मागून धरते. बिबट्यासारखं मानगूट धरून एका झटक्यात मारत नाई. पायाले धरते, पोटाले धरते, अन् बकरी उभ्यानं वरडत राहते. दुसरीच्या जखमेत मी हळद भरली, सुनेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. सकाळपर्यंत गेली. आमी तिले वावराच्या बांधाले, धुऱ्याच्या कडेले पुरलं अन् सून हात धुता धुता म्हने, "आई, आता आपल्या पांढऱ्या कानाचं काय?"

कोठ्यात तीच राहिली होती अन् एक म्हातारी. पांढऱ्या कानाची तवा गाभन होती. त्या कानाची दुसरी नव्हती.

पोरगा कळमन्याच्या बाजारात आडत्याच्या दुकानात कामाले हाय, तिथूनच फोन करे. "माय, विकून टाक त्या दोन्ही. ये इकडं राहाले. कायले जीव लावून राहिली?"

मी म्हनलं, "तुह्या खोलीत बकरी बांधू देते का मालक?"

"नाई."

"मंग मी बी तिथं मावत नाई, बापा."

आमच्या वावराले लागून माह्या चुलत देराचं वावर. मानूस चांगला, तोंड खराब. त्याचं बी एक बोकड गेलं होतं. तो म्हने, "वहिनी, मटनात दवाई कालवतो अन् नाल्यात टाकतो. एका दिवसात सारा निकाल."

"अन् घारी खातील, तुमचं घरचं कुत्रं खाईन, त्याचं काय?"

"बांधून ठेवीन माहं."

"नाई भाऊजी. ते माह्या माहेरचे हायेत."

असा हासला तो. "म्हनजे बकरी बी आंदनाची अन् कुत्रे बी आंदनाचे! तुमच्या मायनं भरपूर देल्लं म्हना तुमाले!"

मले बी हासू आलं. पन दवाई मी टाकू नाई देल्ली.

मंग मी अन् सूनबाई, आमी काट्या तोडल्या. बाभळीच्या, बोरीच्या. कोठ्याभोवती कुपन केलं, बुडखे आत अन् काटे बाहेर, कारन कुत्रं खालून नाक घालते. कुपनाच्या बुडाशी गोटे लावले. हाताची चाळनी झाली. पन गाभन बकरीले कोठ्यात किती डांबता? तिले फिरनं लागते, हिरवं लागते. म्हनून रोज उन चढलं का मी तिले दोरीनं धुऱ्यावर नेई. एका हातात काठी, कमरेले टिनाचा डबा, त्यात गोटे. आधी मौद्याच्या वीजघराच्या चिमनीकडं पाही. धूर जिकडं वाकला तिकडच्या कुत्र्याले आपला वास जाते.

त्या दिवशी दिवाळी जवळ आली होती. धान कापून झाला होता, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. बकरी धुऱ्यावरच्या बोरीचा पाला ओरबाडत होती. वारा कुठूनच नव्हता, धूर सरळ वर. म्हनून मी बी जराशी निवांत बसली.

तुरीतून ते निघाले तं आवाज नाई, भुंकनं नाई. समोर एक बुढी कुत्री, बदामी रंगाची, थान लोंबलेले. मागं बाकीचे, तरने, पोट पाठीले लागलेले. मी डबा वाजवला, गोटे मारले, बोंबलली. ते पांगले अन् फिरून आले. मी बकरीचं तोंड माह्याकडं ओढून धरलं, म्हनजे तिचं मागचं अंग बोरीच्या काट्याले लागून राहीन. तं बुढीनं उडी घेतली अन् कान धरला. तोच कान.

काठी मारली, सोडे ना. बकरी जीव तोडून वरडली. अन् माह्या तोंडातून काय निघालं म्हनून सांगू.

आमच्या माहेरी सांजच्या भाकरी झाल्या का शेवटली भाकर कुत्र्याची. बायका दारात येत, जर्मनच्या गंजावर, पातेल्यावर, पळी वाजवत अन् हाका मारत, "ल्यो, ल्यो, ल्योऽऽ." शेवटचा ल्यो लांबवून, वर चढवून. सासरी कोनी असं बोलवत नाई, इकडं 'यू यू' करतात. पहिल्या वर्षी मी इथं तशी हाक मारली तं सासू म्हने, हे कोनतं गानं वं? तवापासून माह्या तोंडात तो आवाज आलाच नव्हता. अन् त्या दिवशी आला. मी डब्यावर काठी हानली अन् वरडली, "ल्यो, ल्यो, ल्योऽऽ!"

बुढीनं कान सोडला.

तोंडाले रगत, अन् ती माह्याकडं पाहून राहिली. कान टवकारले, मान वाकडी केली. शेपटी हलली नाई म्हना, पन खाली गेली. गाव उठलं तवा ती पिल्लू असन, कोन्या तरी दारातली. तरने कुत्रे तिच्याकडं पाहात उभे, त्याईले काही उमजे ना. तेवढ्यात देर कुदाडीचा दांडा घेऊन धावत आला, अन् सारे पळाले. ती सगळ्याच्या मागून गेली. तुरीत शिरताना एकडाव थांबली.

देर मले म्हने, "लागलं का कुठं वहिनी? रडून काहून राहिल्या?"

मी म्हनलं, "उन लागलं."

बकरी वाचली. पोटातलं बी वाचलं. पन पांढरा कान अर्धा गेला.

भाऊबीजेले भाऊ आला. लुगडं घेऊन आला, दरवर्षी आनते. मी त्याले पाटावर बसवलं, ओवाळलं, अन् लुगडं त्याच्याच पिशवीत वापस ठेवलं.

"काहून बाई? रंग नाई आवडला का?"

"रंग चांगला हाय. पन औंदा मले लुगडं नको. मले दुसरं पाहिजे."

"माग."

"तुमचे कुत्रे घेऊन जा."

तो हासाले लागला. मी नाई हासली. मी त्याले कोठ्यात नेलं, कान दाखवला. त्यानं त्या कानाले हात लावला. या वेलीची मूळ बकरी मायच्या दारात होती, तिच्यावर बसून तो लहानपनी पडला होता, त्याच्या कपाळावर अजून वन हाय.

मी म्हनलं, "तुमी देवीले जेवू घालाले येता अन् उष्ट्यावर कुत्रे पोसता. एक दिवस तुमी पोसता, बाकीचे दिवस माह्या बकऱ्या पोसतात."

"बाई, ते आता रानटी झाले. कोन ऐकते आपलं?"

"एक ऐकते," मी म्हनलं.

दोन दिवसानं तो ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला. आमी नाल्यावर गेलो, मी, तो, अन् तमाशा पाहाले देर. भावानं पहिले हाक मारली. ल्यो ल्यो. टेकाडावर काही हललं नाई. देर म्हने, "पाव्हनं, तुमच्या आवाजानं तं हाय ते बी पळतीन." भावानं फिरून मारली. नाई. आमच्या गावात पुरुषानं कुत्रं कधी बोलवलंच नव्हतं, ते काम बायकाईचं होतं. घरी भावाची बायको वारली, माय तं कवाची गेली.

मंग मी गंज वाजवला. शिळी भाकर हातात धरली. हाक मारली, अन् शेवटचा ल्यो जेवढा लांबवता आला तेवढा लांबवला. समोर सारं पानी. त्या पान्याखाली आमचं अंगन होतं, मायची चूल होती, गंज वाजवाची ती दारातली जागा होती. आवाज पान्यावरून गेला अन् टेकाडाले लागून वापस आला. भाऊ माह्याकडं न पाहता म्हने, "बाई, हे तं मायच."

बुढी आली. आस्ते आस्ते, बसत उठत. भाकर हातातून नाई घेतली, खाली टाकली तवा खाल्ली. मंग भावाचे पाय हुंगले, लय येळ हुंगले. भावानं दोरी टाकली तं उभी राहिली नुसती. तरने टेकाडावर उभे राहून पाहात होते. त्याईच्यासाठी तो आवाज म्हनजे काहीच नव्हता. एक बी नाई उतरला.

भावानं तिले उचलून ट्रॉलीत बसवलं अन् ट्रॉली निघाली. शिवेवर आली तवा मले वाटलं आता ही उडी मारते. नाई मारली. पाठमोरी बसून पाहात गेली.

वाट बुढीच दाखवत होती म्हनून असन, बाकीचे त्यानंतर कमी आले. आले तवा कुपनाच्या काट्यानं नाक टोचून गेले. अन् देवीच्या जेवनाले यंदा भावानं खड्डा खनला, सारं उष्टं त्यात पुरलं. काही बुढे चिडले त्याच्यावर. त्यानं सांगतलं, बहिनीनं भाऊबीज मागितली हाय.

थंडीत बकरी व्याली. दोन पिल्लं. एक बोकड अन् एक पाठ. पाठ सारी काळी, नखापासून कानापर्यंत. पांढरा कान बोकडाले गेला.

देर कुपनावरून पाहून म्हने, "आता वहिनी? माहेर कसायाले देता का?"

मी म्हनलं, "तुमी आपलं वावर पाहा." पन कोठ्यात जाऊन मी त्या काळ्या पाठीचा डावा कान उलटून सुलटून पाहिला. एक तरी केस पांढरा असन म्हनून. नव्हता. सून म्हने, "आई, रगत तं तेच हाय नं? हिच्या पोटच्या पिल्लाले दिसन." दिसन बी. तवा मी असन का नाई, ते वेगळं. बोकड मी अजून नाई विकला.

आता सांज झाली का भावाचा फोन येते. तिथं नातवंडं तिले टॉमी म्हनतात, मोती म्हनतात, ती उठत नाई. भाकर समोर ठेवली तरी नाई. भाऊ म्हनते, "बाई, बोलव जराशी." मी चुलीपाशी बसल्या बसल्या फोनमंदी हाक मारतो. कोठ्यातली पाठ दचकून पाहते. तिकडं जरा येळ काहीच आयकू येत नाई.

मंग भाऊ म्हनते, "आली."