बोरीकर सरांनी दाखवलेलं पिवळं कार्ड

दिलसुखनगरच्या ज्या एसटीडी बूथमध्ये मी बसतो, तिथला फोन सहसा दुसऱ्यांसाठी वाजतो. कोचिंग क्लाससाठी आलेल्या मुलांच्या गावाकडून फोन येतात, मी नाव विचारून बाहेरच्या बाकाकडे हाक मारतो. त्या दुपारीही सवयीनं तेलुगूत विचारलं, ‘‘एवरु कावाली?’’ कोण पाहिजे...  पलीकडून बोरीकर सरांच्या पत्नीचा, मालतीकाकूंचा आवाज आला. ‘‘मोहन, तूच पाहिजेस रे. सर गेले.’’ बाहेर गिऱ्हाइकं उभी होती, आतल्या केबिनमध्ये एक मुलगी आईशी बोलता बोलता रडत होती. मी ‘‘येतो’’ एवढंच म्हणालो आणि रिसीव्हर खाली ठेवला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. बोरीकर सरांबद्दल कुठे काही छापून आलं नाही, येईल असंही वाटत नाही. म्हणून मीच लिहायला बसलोय. खरं तर मी लिहावं याचं अनेकांना नवल वाटेल, कारण माझं नुकसान ज्या माणसानं केलं असं आमच्या काचीगुड्यात अजूनही सांगतात, ते हेच बोरीकर सर.

सर जामबागेतल्या एका जुन्या शाळेत मराठी माध्यमाच्या वर्गांना भूगोल शिकवायचे आणि शनिवार-रविवारी फुटबॉलच्या सामन्यांत रेफरी असायचे. बुटके, काळेसावळे, पायांत कायम पांढरे मोजे. मी तेव्हा एका सरकारी कारखान्याच्या संघातून डाव्या बगलेला खेळायचो. नोकरी खेळामुळेच लागली होती, पण कायम नव्हती. राज्याच्या संघात निवड झाली की कायम करायचं, असा कारखान्याचा रिवाज होता. त्या वर्षी आम्ही उपांत्य सामन्यापर्यंत पोचलो. अंतिम सामना बघायला निवड समिती येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. उपांत्य सामन्याआधी सरांनी दोन्ही संघांना मध्यभागी उभं करून बजावलं, ‘‘गोल झाला की आनंद करा, नाचा, काय ते करा. पण मैदान सोडून प्रेक्षकांच्या कठड्यावर कुणी चढलं तर मी कार्ड काढणार. मग मला सांगू नका, ठाऊक नव्हतं म्हणून.’’ पोरं हसली. गोल झाल्यावर लोकांकडे धावत जाणं हा कसला गुन्हा?

त्या कठड्याला टेकून इस्माईलचाचा उभे होते. चाचांचं काचीगुड्याला पंख्यांच्या मोटारी वाइंड करायचं दुकान होतं. मला पहिला बॉल त्यांनी दिला होता. डाव्या पायानं मारायला शिकवलं तेही त्यांनीच. उजवा पाय दोरीनं बांधून ठेवायचे. माझे वडील कोर्टात कारकून, त्यांना माझ्या खेळण्यात कधी रस वाटला नाही. मैदानावर माझं माणूस म्हणजे चाचा. त्या महिन्यात ते छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले होते आणि तरी त्या दिवशी मफलर गुंडाळून आले होते.

पूर्वार्धात मी एकाला उशिरा पाय घातला आणि पिवळं कार्ड घेतलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सामना संपत आला तरी गोल नव्हता. मग कुणीतरी उजवीकडून लांब बॉल टाकला, तो त्यांच्या बचावपटूच्या खांद्याला लागून माझ्यासमोर पडला आणि मी मारला... जाळी हललेली मला दिसलीसुद्धा नाही. मी वळलो तेव्हा चाचा दोन्ही हात पसरून उभे होते. मी धावत गेलो, कठड्यावर पाय ठेवून चढलो आणि त्यांच्या गळ्यात पडलो. आजूबाजूच्यांनी आम्हा दोघांना मिठीत घेतलं. चाचांच्या मफलरला बामाचा वास येत होता. उतरून मागे वळलो, तर सर समोर उभे. हातात पिवळं कार्ड, आणि त्याच्या मागोमाग लाल. दोन पिवळी म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे पुढचा सामना बंद.

‘‘क्या गुनाह किया बच्चे ने?’’ चाचा ओरडले. ‘‘मेरे गले लगा, बस! तुम्हारे गले तो नै पडा ना?’’ लोक हसले, मग शिव्या सुरू झाल्या. सरांनी मान वर केली नाही. आम्ही तो सामना जिंकलो. अंतिम सामना मी साध्या कपड्यांत, पायऱ्यांवर बसून पाहिला. निवड समितीनं ज्यांना पाहिलं त्यांच्यात मी नव्हतो. आम्ही हरलोही. मी खेळलो असतो तर निवड झालीच असती असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच माहीत नाही. पण मला पाहिलंच गेलं नाही, एवढं खरं.

चाचा त्यानंतर मैदानावर आले नाहीत. मी दुकानावर जायचो, तेव्हा तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता एकच बोलायचे. ‘‘मैं हात नै फैलाता तो तू आताइच नै था.’’ मी म्हणायचो, ‘‘चाचा, मैं तो आताच था.’’ ते मान हलवायचे. त्या हिवाळ्यात ते गेले. मयतीला काचीगुड्यातले झाडून सारे खेळाडू आले. गर्दीच्या टोकाला, हातरुमाल डोक्याला बांधून, बोरीकर सर उभे होते. आमच्यातला एक जण त्यांच्या अंगावर धावला, मी त्याला धरलं. सरांविषयी दया होती म्हणून नव्हे, चाचांच्या जनाज्यात भांडण नको म्हणून.

आठवडाभरानं सर घरी आले. आईनं चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. ‘‘मी तुमच्या साहेबांकडे जाऊन आलो,’’ ते म्हणाले. ‘‘सांगितलं, मुलगा चांगला आहे, कार्ड खेळातल्या गैरवर्तनाचं नव्हतं. ते म्हणाले, वरून पत्र आलंय, खेळाडूंची भरतीच बंद होणार आहे. आता कारखान्यानं नफा दाखवायचा, संघ नाही पोसायचे. काही झालं नाही, मोहन.’’ मग त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. तरुणपणी एका तालुक्याच्या मैदानावर ते लाइन्समन होते. गोल करणारा पोरगा प्रेक्षकांकडे धावला, प्रेक्षक त्याच्याकडे, आणि विटांचा कठडा पुढे कोसळला. खाली शेंगा विकणारा एक माणूस बसला होता. ‘‘पोरगा हसत होता रे. मागं काय झालं ते त्याला दिसलंच नाही. मला दिसलं.’’ मी ऐकून घेतलं. मला त्या शेंगावाल्याचं वाईट वाटलं, आणि तरी रागही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी मनात राहू शकतं, हे मला तेव्हा प्रथम कळलं.

पुढच्या हंगामात बोलारमकडच्या एका मैदानावर सामना होता. मी प्रेक्षकांत होतो. गोल झाला, एक अगदी कोवळा खेळाडू कठड्याकडे धावला आणि लोकांनी त्याला उचलूनच घेतलं. सर धावत तिथपर्यंत गेले. त्यांचा हात खिशाकडे गेला... आणि तसाच खाली आला. त्यांनी त्या मुलाला दंडाला धरून आत आणलं, बस. वर बसलेल्या निरीक्षकानं ते पाहिलं. संघटनेच्या सूचनेचं पालन न करणारा रेफरी म्हणून सरांना मोठे सामने मिळायचे बंद झाले. रेफरींच्या बैठकीत त्यांनी विचारून पाहिलं, की जिथं धोका नाही तिथं नुसती समज देऊन चालणार नाही का, एका मिठीसाठी पुढचा सामना कशाला काढून घ्यायचा? अध्यक्ष म्हणाले, बोरीकर, तुम्हीच तर सगळ्यात जास्त कार्डं दाखवलीत. सगळे हसले. पुढे एकदा हे मला सांगताना सरही हसले. ‘‘तो बोलारमचा कठडा बांबूचा होता,’’ ते म्हणाले. ‘‘मी जवळ गेलो तेव्हा हलत होता. पडला असता तर, मोहन?’’ तो पडला नव्हता. पण सरांच्या मनात तो पडतच राहिला.

मग एकेक करून सगळंच आटोपत गेलं. कारखान्याचा संघ मोडला, पुढे कारखानाही. कायम होते त्यांना स्वेच्छानिवृत्तीचे पैसे मिळाले, माझ्यासारख्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मेव्हण्याच्या ओळखीनं हा बूथ मिळाला. शहरात जिकडेतिकडे कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या लागल्या, पुण्या-मुंबईची मराठी मंडळी नोकऱ्या घेऊन येऊ लागली, आणि जामबागेत सरांच्या मराठी वर्गात मुलं येईनाशी झाली. शेवटच्या वर्षी ते रिकाम्या बाकांसमोर नद्यांचे नकाशे टांगायचे, असं काकू सांगतात. वर्ग बंद झाला तसे सर तारनाक्याच्या घरी बसले. तिथं मी रविवारी जाऊ लागलो. पहिल्यांदा का गेलो ते सांगता येत नाही. चाचा नव्हते, संघ नव्हता, आणि माझा तो गोल जवळून पाहिलेला, त्याबद्दल ज्याच्याशी बोलता येईल असा तेवढाच एक माणूस उरला होता, म्हणून असेल.

आम्ही व्हरांड्यात बसायचो आणि फिरून फिरून त्याच प्रश्नावर यायचो. सर म्हणायचे, ‘‘लोकांचा जीव रेफरीच्या हातात असतो, रे. खेळाडूला तेवढा एक क्षण दिसतो.’’ मी म्हणायचो, ‘‘सर, तो एक क्षण काढून घेतला तर उरतं काय? आम्ही काय पगारासाठी धावत होतो?’’ कधी मला वाटायचं, यांना बरं वाटावं. मग म्हणायचो, ‘‘तुम्ही केलंत ते बरोबरच होतं.’’ ते चिडायचे. ‘‘बरोबर असतं तर तू बूथमध्ये बसला असतास का?’’ कधी रागाच्या भरात म्हणायचो, ‘‘चुकलंत तुम्ही.’’ ते शांतपणे म्हणायचे, ‘‘हौ.’’ त्यानं तर मला अजूनच वाईट वाटायचं. कुठल्याही बाजूनं गेलं तरी पुढे रस्ता नव्हता. काकू आतून म्हणायच्या, ‘‘अरे, दुसरं काही बोला की आता.’’ दुसरं बोलायला आमच्याकडे फारसं काही नव्हतं.

शेवटी त्यांच्या किडन्या गेल्या. मी शेवटचा भेटलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, पाय सुजलेले. मी त्यांना पेपरातलं खेळाचं पान वाचून दाखवत होतो. त्यांनी हातानं थांबवलं. ‘‘तुझ्या वेळचा कठडा लोखंडी होता,’’ ते म्हणाले.

‘‘हो सर.’’

‘‘दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो होतो. एकटाच. धरून हलवला. अंगातलं सगळं बळ लावून हलवला, मोहन... जरासुद्धा हलला नाही.’’

 इतकी वर्षं हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. व्हरांड्यातल्या सगळ्या वादांत ते मला लोकांच्या जिवाबद्दल सांगत आले, आणि त्या दिवशी तिथं कुणाच्याही जिवाला धोका नव्हता हे त्यांना दुसऱ्याच दिवसापासून ठाऊक होतं. मला राग यायला हवा होता. मी पेपरची घडी घातली आणि त्यांचे पाय चेपत बसलो. क्षमा केली का, असं कुणी विचारेल. क्षमा करून चाचा परत येणार नव्हते आणि न करून सर वाचणार नव्हते. जाताना ते म्हणाले, ‘‘येत जा.’’ मी पुढच्या रविवारी जाणारच होतो. त्याआधी काकूंचा फोन आला.

अंबरपेटच्या स्मशानात आम्ही मोजकी माणसं होतो. शाळेचे दोन निवृत्त मास्तर, काकूंचा पुतण्या, शेजारी. संघटनेतून कुणी आलं नाही. एकही जुना खेळाडू नव्हता. शेकडो सामन्यांत सर ज्यांच्याबरोबर धावले, त्यांच्यापैकी फक्त मी होतो, आणि मला त्यांनी बाहेर काढलं होतं.

गेल्या रविवारी काकूंकडे गेलो. सरांनी घरी केबल घेऊ दिली नव्हती. आता एकटेपणाला सोबत हवी म्हणून पुतण्यानं घेऊन दिली. काकू चॅनल बदलत होत्या, परदेशातला कुठलातरी फुटबॉलचा सामना लागला आणि त्या थांबल्या. आयुष्यभर रेफरीची बायको असून त्या कधी मैदानावर गेल्या नव्हत्या. एकानं गोल मारला, जाहिरातींच्या फळ्या ओलांडून तो लोकांमध्ये शिरला आणि लोकांनी त्याला पार झाकून टाकलं. रेफरी बाजूला, कार्ड हातात धरून, तो बाहेर यायची वाट पाहत उभा होता. कॅमेऱ्यानं त्याला क्षणभर दाखवलं आणि पुन्हा गर्दीकडे वळला.

काकू पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसल्या होत्या. ‘‘मोहन,’’ त्यांनी विचारलं, ‘‘ह्यांच्याकडे कधी कुणी असं धावत आलं का रे?’’

‘‘यायचे, काकू.’’

‘‘हो?’’ त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘‘कशाला?’’

काहीतरी खोटं सांगायला हवं होतं. मला सुचलं नाही.

‘‘भांडायला,’’ मी म्हणालो.