भाचीच्या हातात पाय कसा द्यायचा?

तळपायांना मुंग्या येतात, झोप लागत नाही, मग डोक्यात नको ते येतं. साखर वाढली असेल? पाय कापावा लागला तर? डॉक्टर म्हणाले, "पाय ठीक आहेत. गोळ्या चालू ठेवा, काळजी कमी करा." काळजीवरची गोळी मात्र दिली नाही. तेवढ्यात खापरहून भाची सुनीताचा फोन आला. तळपाय दाबण्याचा वर्ग करून तिने बाजारात एक खोली घेतली आहे. "मामा, ये ना." निघालो. बायको सोबत होतीच.

सारंगखेड्याहून शहादा, तळोदा, अक्कलकुवा, मग खापर. सकाळचीच एसटी धरा, उन्हाळ्यात दुपारी पत्रा तापतो. आधार कार्ड असलं की म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट. माझं खिशात आहे ना, हे मी सारखं चाचपत होतो. बायको म्हणाली, "आते तेन्हं बी तिकीट काढी ल्या!"

तळोद्याला शेवभाजी खाल्ली. तिखट आहे, पण भाकरी गरम मिळते. अक्कलकुव्यापुढे उजव्या हाताला सातपुडा, आणि अंगणाअंगणात आमचुरासाठी वाळत घातलेल्या कैरीच्या फोडी. गाडीतसुद्धा आंबट वास येत होता. तेवढा वेळ मला पायांची आठवण झाली नाही.

खोलीत एक उंच खुर्ची, तेलाची वाटी, भिंतीवर तळपायाचं मोठं चित्र. दाबायला कोणी गडीमाणूस असेल, असं मी धरून चाललो होतो. चप्पल काढून बसलो, तर सुनीताच समोर पाटावर बसली. मी पाय खुर्चीखाली ओढले. आमच्याकडे मामाने भाचीच्या पाया पडायचं. तिने मामाच्या पायाला हात लावायचा नाही.

"पाप लागी माले, माय."

"मामा, लोके दारपर्यंत येतस नि बाईमाणूस देखीसन फिरी जातस. घरना माणूसच पाय चोरस, मंग बाहेरना कोण ई?"

दारातल्या बाकड्यावर बाजाराला आलेल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्या आमच्याकडेच बघत होत्या. उठून गेलो तर पोरीची खोली बंद पडेल, बसलो तर पाप.

बायकोच म्हणाली, "तिन्हा पाय तर तुमी धरतस ना? धरीसन शिका."

मग सुनीता खुर्चीवर, मी पाटावर. आधी तिच्या पाया पडलो, मग तेल घेतलं. ती सांगेल तिथे दाबत गेलो: अंगठ्याचं टोक, बोटांखालची गादी, टाच.

"हळू! घोडानं खूर शे का ते, मामा?"

म्हाताऱ्या खो खो हसल्या. त्यातल्या एकीने चप्पल काढली आणि ती सरळ खुर्चीशी येऊन उभी राहिली. सुनीता झटकन उठली. मी पाटावरून बाजूला झालो.

जाणार असाल तर ऐका. भाव दारावर लिहिलेला आहे, घासाघीस करू नका. आणि निघताना तिने मला बजावलं ते असं: "यानी साखर उतरत नही. गोळ्या बंद करू नको."

घरी आता जेवण झालं की ओट्यावर बसून स्वतःचे पाय स्वतः दाबतो. मुंग्या गेलेल्या नाहीत. झोप कधी लागते, कधी नाही. काल सुनीताचा फोन आला, "मामा, आज बाकडावर जागा नही." मग विचारलं, "पाय दाबस ना?"

दाबतो. हातात धरला की निदान तो जागेवर आहे, एवढं तरी कळतं.