गाडी माझी, उस्ताद तिचे

मंडळी, आज मी चक्क स्वतःच्या बायकोवर जळलो.

माझी जुनी अँबॅसिडर तीन वर्षं अंगणात सुटी होऊन पडली होती. तिचं शेवटचं दार बसवायला खंडेराव गेटजवळचे मेकॅनिक उस्ताद सकाळी आले. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "भाभीजी, ऊपर वाला पेंच?"

सुधा कणीक मळत होती. तिथूनच म्हणाली, "पापड वाले डिब्बे में, भैया. छोटे वाशर के साथ."

होताही तिथेच. गाडी खोलली मी, पण एकेक स्क्रू डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवली तिने. उस्ताद मला फक्त टॉर्च धरायला सांगतात. छंद माझा आणि मान तिला. पोटात दुखणारच ना?

दुपारी इंजिन सुरू झालं तेव्हा उस्ताद म्हणाले, "अच्छा हुआ, भाभीजी ने उस दिन ग्राहक लौटा दिया."

गेल्या दिवाळीत कंटाळून मी गाडी विकायला काढली होती. बरुआसागरचा तो माणूस फिरकलाच नाही, असं मी समजत होतो. रागाने फोनही केला नाही. तो आला होता. मी ऑफिसात असताना हिने त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. हे उस्तादांना ठाऊक, मला नाही.

"अहो, बसा की आता," सुधा म्हणाली. "गाडी तुमचीच आहे."

मी स्टीअरिंगवर बसलो. पण खरं सांगा, आहे का ती माझी?