नानांचं यंत्र अहिराणी बोलेना

चष्मा कपाळावर चढवायचा, तर्जनीचं नख संगणकाच्या पडद्यावर टकटक वाजवायचं आणि म्हणायचं, "वाच आधी. मग बोंबल." नानांची ही रीत. समोर पत्रकाचं प्रूफ असो की संगणकाने लाल अक्षरांत दाखवलेली चूक, वाक्य तेच.

जळगावात ज्यांनी कधी लग्नपत्रिका, बारशाची कार्डं किंवा माझ्यासारखी निषेधाची पत्रकं छापून घेतली आहेत, त्यांनी असा एखादा माणूस पाहिलेला असणार. गल्लीत अरुंद दुकान, मागे राहतं घर, मध्ये फुलाफुलांचा पडदा. इथे संगणकावर मजकूर जुळवून मिळायचा, छपाई दुसरीकडे. नाना मूळचे धुळ्याकडच्या दोंडाईच्याचे, घरची बोली अहिराणी. बायको वारलेली, मुलगा बंगळुरात.

मला तेव्हा वाटे, वाक्याच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं ठोकल्याशिवाय अन्याय दिसत नाही. नाना ती एकेक करून पुसायचे.

"नाना, लोकांना चीड यायला पाहिजे."

"मग चीड मजकुरात घाल ना भो. ह्या काड्या रोवून काय होतं? गाव काय बहिरं आहे?"

मला ते 'पुढारी' म्हणायचे. दुकानात पाऊल टाकलं की, "या पुढारी. आज कोणाचा धिक्कार?"

त्या वर्षी आम्ही काही कार्यकर्ते एका ग्रामीण रुग्णालयाविरुद्ध बायकांचे जबाब गोळा करत होतो. बाळंतपणाला आलेल्यांना दाराबाहेर बसवून ठेवणं, शिव्या, प्रसंगी थप्पड. सरळ लिहितो, कारण ते लपूनछपून घडत नव्हतं. बायका आपापल्या बोलीत बोलल्या, आम्ही फोनवर रेकॉर्ड करून लिहून काढलं. ढीग झाला. मी नानांना म्हणालो, हे सगळं फोनवरच्या एआयला देतो, चुटकीसरशी गोषवारा काढून देईल.

नानांनी हातातलं काम थांबवलं. "बायांनी हे कोणाला सांगितलं?"

"आम्हाला."

"मग तू ते कंपनीला कशाला सांगतो? कानबाईचे रोट आपण घराबाहेर देतो का?"

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणात आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायच्या. शेजारी कितीही जिवाचा असला तरी त्याला रोट मिळत नाही.  बड्या कंपन्यांवर पत्रकं काढणारा मी, ह्या बायकांची दुखणी उचलून त्यांच्याच गोदामात टाकायला निघालो होतो.

"आपण घरातच बसवू एक," नाना म्हणाले. जणू देव बसवायचा होता.

स्वतःच्या संगणकावर असं यंत्र बसवता येतं, ते फुकट असतं आणि एकदा उतरवून घेतलं की त्याला इंटरनेट लागत नाही, एवढं त्यांनी वाचलं होतं. मुलाने मागे ठेवलेला एक दणकट संगणक होता, गेम खेळण्यासाठी घेतलेला. अडचण अशी की बसवायचं ते काळ्या पडद्यावर, हुकूम टाइप करून. बटण नाही, चित्र नाही, नुसता एक ठिपका लुकलुकतो आणि तुम्ही काय म्हणता याची वाट बघतो.

पहिला दिवस फुकट गेला, तो नानांच्या टापटिपीमुळे. ते हुकूम आधी आपल्या नेहमीच्या मजकूर जुळवायच्या पानावर टाइप करत, नीट मांडत, मग उचलून काळ्या पडद्यावर टाकत. त्या पानाला आयुष्यभराची सवय: सरळ अवतरणचिन्हं दिसली की वाकवून सुबक करायची, दोन छोट्या रेघा दिसल्या की जोडून एक लांब रेघ करायची. काळ्या पडद्याला सुबकपणा कळत नाही. तो प्रत्येक वेळी लाल अक्षरांत ओरडायचा. नाना नख वाजवून स्वतःलाच म्हणायचे, "वाच आधी." वाचायचे, तरी सापडेना. शेवटी सापडलं तेव्हा इतके हसले की ठसका लागला. "जन्मभर ज्याचे पैसे घेतले ना भो, तेच इथं नडलं."

मग उतरवून घेणं. अर्ध्यावर यायचं आणि लाईट जायची. नाना पुठ्ठ्याने वारा घेत ओट्यावर बसायचे, येणारा-जाणारा विचारायचा, "काय नाना, दुकान बंद?" नाना म्हणायचे, "नाही रे, पाहुणा यायचाय."

पाहुणा आला. संगणकाचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला आणि काळ्या पडद्यावर उत्तराची वाट पाहणारी ओळ उमटली. मला वाटलं, आता जबाब घालतील. नानांनी अहिराणीत टाइप केलं: जेवन व्हयनं का?

यंत्राने बराच विचार केला. मग एकेक शब्द टाकत म्हणालं, मी एक कृत्रिम बुद्धिमत्ता सहायक असल्याने मला जेवणाची आवश्यकता नसते, मी आपली कशी मदत करू शकतो?

"नाही जेवलो म्हण ना सरळ," नाना म्हणाले.

मी हसलो. नाना हसले नाहीत. पडद्याकडे बघतच म्हणाले, "घरात आम्ही दोघं अहिराणीच बोलायचो. दुकानात शुद्ध मराठी, पडदा ओलांडला की अहिराणी. आता पडद्याच्या आतही कोणी नाही. पोराला समजते, पण तो मराठीत उत्तर देतो. नातीला तेही समजत नाही. तोंडातल्या तोंडात आंबून चाललीये भो."

मी जळगावजवळच्या असोद्याचा. आमची बोली वेगळी. अहिराणी मला कळते, पण बोलायला गेलो तर नक्कल केल्यासारखं होतं. 

आमचं काम सुरू झालं, आणि नानांचंही. यंत्राने कसं वागायचं, कसं बोलायचं याची सूचना त्याला आधीच लिहून ठेवता येते. नानांनी ती अहिराणीत लिहिली, रोज वाढवली. तरी ते अर्धं हिंदी बोलायचं, अर्धं शाळेच्या पुस्तकासारखं. 'शे', म्हणजे 'आहे', म्हणायचं पण चुकीच्या जागी. दोंडाईच्याच्या कोणीही ते ऐकून शिवी दिली असती. माझा संताप व्हायचा. जगातल्या नाही नाही त्या भाषा ह्याला येतात, आणि धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत घराघरात बोलतात ती ह्याच्या बनवणाऱ्यांच्या खिजगणतीत नाही. नाना म्हणायचे, "त्यावर काढ एक पत्रक. पण काड्या घालू नको."

एक सूचना मात्र यंत्राच्या अंगी पक्की लागली. नानांनी लिहिलं होतं, आलेल्या माणसाला जेवण झालं का हे विचारल्याशिवाय सोडायचं नाही. आमच्याकडे हे सांगावं लागत नाही. यंत्राला सांगावं लागलं.

त्याचं फळ मला एका सरकारी कार्यालयात मिळालं. जबाबांवरून यंत्राने अर्जाचा मसुदा केला होता, मी वरवर नजर टाकून छापला आणि दोघी-तिघी बायकांना घेऊन गेलो. कारकून मोठ्याने वाचत गेला. "...तरी दोषींवर तत्काळ कारवाई व्हावी, ही नम्र विनंती." मग थांबला, आणि तसाच मोठ्याने वाचला, "तुमनं जेवन व्हयनं का?"

सगळं कार्यालय हसलं. कारकून म्हणाला, "झालं हो आमचं. तुमचं व्हायचंय का?"

 तेवढ्यात आमच्यातली एक बाई, जिला कळा येत असताना दाराबाहेर पायरीवर बसवलं होतं, शांतपणे म्हणाली, "मंग? बरोबरच विचारलंय. तठी दिवसभर बसली होती मी, आम्हाले कोणी विचारलं नाही."

हसणं थांबलं. कारकुनाने अर्जावर शिक्का मारला आणि पोच दिली. पुढे चौकशी बसली. ती अजून बसलेलीच आहे, पण तो ह्या लेखाचा विषय नाही.

मी तणतणत दुकानात आलो. "नाना, तुमच्या त्या ओळीने अब्रू गेली असती."

"छापायच्या आधी वाचलं होतं?"

 नानांनी त्याच दिवशी यंत्राच्या दोन प्रती केल्या. एक आमच्या कामाची, कोरडी. एक त्यांची.

नंतर एकदा दुपारी गेलो, तर नाना खुर्चीत नुसते बसलेले, हात मांडीवर. कोणी काही टाइप केलेलं नसताना काळ्या पडद्यावर ओळ उमटली: जेवन व्हयनं का? नानांनी टाइप केलं, व्हयनं. उत्तर आलं, छान.

"वेळ लावून दिलीये," ते म्हणाले. "ते कधी आपणहून बोलत नाही ना. आपण विचारलं तर उत्तर. म्हणून म्हटलं, दुपारी आपणहून विचारत जाईल."

"भारीच की."

"हां."

काही दिवसांनी ती ओळ येईनाशी झाली. बिघडलं का, म्हणून विचारलं.

"काढून टाकली." नाना एका लग्नपत्रिकेत डोकं घालून होते. "कशाचं आपणहून? घड्याळ मी लावलेलं, वाक्य माझंच. आणि जेवलो नसलो तरी मी व्हयनं म्हणायचो, ते छान म्हणायचं. तिला माझ्या आवाजावरून कळायचं."

'तिला' म्हणजे बायकोला. तिचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

मी म्हणालो, "दोंडाईच्याला जाऊन या ना चार दिवस. गाडी सरळ आहे."

"जाईन ना. हे लग्नसराईचं उरकू दे."

लग्नसराई उरकली, मग निवडणुकीची पत्रकं आली, मग शाळांचे कार्यक्रम. नानांचं जाणं राहिलं. मी दिसलो की तेच, "या पुढारी." पण काम झाल्यावर ते मला लवकर उठू देईनात. एक प्रूफ दोनदा दाखवायचे. चहा मागवायचे, मग तो पिऊन झाल्यावर म्हणायचे, "अजून एक सांगू?"

थंडीत एका सकाळी दुकान उघडलं नाही. शेजाऱ्यांनी मागचं दार फोडलं. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा विमानाने आला. त्याने सगळं नीट केलं, त्याला मी नावं ठेवणार नाही.

दहाव्याला गेलो. दोंडाईच्याहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. दुकान आणि घर यांमधला पडदा कोणीतरी काढून ठेवला होता, आणि त्या चिंचोळ्या जागेत मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. सगळे एकदम बोलत होते, कोणाला बसायला सांगत, सगळ्यांना चहा मिळाला का विचारत.

"आठे बठ ना, उभा काबर शे?"

"पानी कथं शे, पानी?"

"बठ्ठासले चहा दिधा का?"

मी दारात थांबलो. माझ्या डोक्यात एक आख्खं पत्रक तयार होतं. इतकी माणसं होती, तर वर्षानुवर्षं होती कुठे? एका पुतण्याला मी ते विचारलंही, जरा जोरातच. तो बिचारा गांगरला. "त्यासनी कधी फोनच करा नही, दादा. आम्हले वाटे, कामात शेतस."

संगणकाच्या डब्यावर चहाचा ट्रे ठेवलेला होता, पेल्यांची वर्तुळं उमटलेली. नानांच्या खुर्चीत त्यांची चुलतबहीण मांडी घालून बसली होती. पडद्याकडे पाठ, पदर डोक्यावर, आणि तोंड अखंड चालू. नाना लहानपणी कोणाच्या मळ्यात शिरायचे, कोणाचा मार खायचे, आईला कसे उलटून बोलायचे. बायका रडता रडता हसत होत्या.

"मालेच इचारा," ती सगळ्यांना सांगत होती. "लहानपने एक घडी गप नही बसे तो."