रंगवलेल्या मजल्याची घरपट्टी

पडदेवाल्यांचं घर बैठं आहे, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त नगरपालिकेला. तिने पाठवलेल्या नव्या नोटिशीत त्या घराला वरचा मजला फुटला होता. तीन खिडक्या, एक गॅलरी आणि त्यावर रीतसर वाढीव घरपट्टी. आकडा वाचून लेक बोटांवर हिशेब करू लागली. ती दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर कामाला होती आणि बापलेकीचं घर तिच्याच पगारावर चालत होतं. पडदेवाले मात्र नोटीस डोळ्यांजवळ धरून गालातल्या गालात हसत होते.

"बाबा, यात हसण्यासारखं काय आहे?"

"अगं, चाळीस वर्षं नाटकांचे पडदे रंगवले. राजवाडे काढले, जंगलं काढली, तुरुंग काढले. कुणी खरे समजून त्यांच्यावर पट्टी नाही लावली. हा पहिलाच भेटला."

नावाने त्यांना आता कुणी हाक मारत नसे. नाटक कंपन्या एकेक करून बसल्या, उरल्यासुरल्या छापील पडद्यांवर गेल्या, तरी गल्लीला ते पडदेवालेच राहिले. हात सढळ होता त्या दिवसांत त्यांनी वरचा मजला चढवायला घेतला होता. समोरची भिंत दीड पुरुष उंच उभी राहिली आणि पैसे संपले. मागे नुसती गच्ची, परसातल्या शिडीने चढायची. बायको येताजाता टोमणा मारायची, "काय, भिंतीचा मजला कधी होणार?" एका उन्हाळ्यात पडदेवाले दोराला फळी बांधून भिंतीवर लोंबकळले आणि आठ दिवसांत मजला करून मोकळे झाले. खिडक्या, अर्धवट सरकलेला पडदा, गॅलरीचा कठडा, कठड्यावर मांजर. सावल्या टाकल्या त्या सकाळच्या उन्हाच्या, कारण बायको समोरच्या दुकानात दूध घ्यायला सकाळी उभी राहायची. तिने वर पाहिलं, "अहो, पण जिना कुठंय?" म्हणाली, आणि हसून हसून दुकानाच्या पायरीवरच बसली. त्यानंतर टोमणा बंद झाला. पाच वर्षांपूर्वी ती गेली.

दुपारी बघितलं तर खोट्या सावल्या चुकीच्या बाजूला पडलेल्या कुणालाही दिसतात. पण नगरपालिकेचा पाहणी करणारा आला सकाळी दहाला. एका दिवसात तीस घरं उरकायची, तेव्हा रस्ता ओलांडायचे कष्ट कोण घेतो? त्याने पलीकडूनच फोटो काढला आणि वहीत लिहिलं, 'मजले दोन'.

लेकीचा उपाय सोपा होता. "एक डबा पांढरा रंग आणते. एका दुपारचं काम. मग या म्हणावं बघायला."

"भिंतीला हात लावायचा नाही."

"मग निदान नीट तरी करा. तीन वर्षं झाली, मांजराचं शेपूट पावसाने गेलंय. मी सांगून सांगून थकले."

"बघू. मूड लागला की करीन."

हे मूड प्रकरण तिच्या डोक्यात जायचं. स्वतः करायचं नाही, दुसऱ्याला पुसू द्यायचं नाही. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी पडदेवाले इस्त्रीचा सदरा घालून एकटेच कचेरीत गेले.

तिथल्या कारकुनाने फोटो पुढे सरकवला. "हा काय, मजला दिसतोय."

"दिसतोय. नाहीये."

"नाहीये तर तसा पुरावा जोडा."

"नसलेल्या गोष्टीचा पुरावा काय जोडू? येऊन बघून जा की."

"पाहणी झालीय. आता पुढच्या पाहणीला, चार वर्षांनी. नाहीतर समितीकडे अपील करा."

दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून परतला असता. पडदेवाल्यांनी तिथेच बाकावर बसून नोटीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वरच्या मजल्याची पाणीपट्टीही लावली होती. त्यांनी दोन कोरे कागद मागून घेतले. एकावर अपील लिहिलं. दुसऱ्यावर लिहिलं की, पाणीपट्टी आकारली असल्याने वरच्या मजल्यावर नळजोडणी ताबडतोब द्यावी, रहिवाशांची गैरसोय होत आहे.

नगरपालिकेला खोटं पटकन दिसत नसेल, पण अर्ज आला की माणूस पाठवावा लागतो. आठवड्याने नळवाला आला, खांद्यावर पाइप आणि हातगाडीवर शिडी. पडदेवाल्यांनी मोठ्या अदबीने शिडी कुठे लावायची ते दाखवलं. नळवाला चढला, पान्याने खिडकीवर टकटक केली, मग भिंतीवरून पलीकडे डोकावला.

"काका, इथे तर नुसते कपडे वाळतायत."

"तेच लिहा. एक अक्षर जास्त नको."

त्याने लिहिलं: 'जागेवर वरचा मजला आढळला नाही. जोडणी देता येत नाही.' खाली सही, शिक्का. पडदेवाल्यांनी तो कागद घडी न घालता घरी नेला. लेकीला पहिल्यांदाच वाटलं की म्हातारा जिंकेलही.

सुनावणीला तिने सुट्टी टाकली. लांब टेबलामागे तिघं होते. मध्ये अध्यक्षबाई, एका बाजूला आपला मोबाइल न्याहाळणारे सदस्य, दुसऱ्या बाजूला जुने हिशेबनीस, ज्यांच्या पुढ्यात चार रंगांची पेनं ओळीने मांडलेली. पाहणी करणारा भिंतीला टेकून बसला होता. नळवाल्याचा अहवाल मोठ्याने वाचला गेला तेव्हा अध्यक्षबाईंनी फाइल तोंडासमोर धरली, पण त्यांचे खांदे हलत होते. मजला रद्द करायचा, हे ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

तेवढ्यात हिशेबनीस खाकरले. "मजला रद्द, ठीक. पण चित्र राहिलं तर पुढच्या वेळी पुन्हा तोच घोळ. महिन्याभरात भिंत पांढरी करून द्यायची, अशी अट घालू. यांनी इथे सही करावी."

लेकीच्या जिवात जीव आला. हेच तर ती सांगत होती. तिने कागद आणि पेन बाबांपुढे सरकवलं.

पडदेवाल्यांनी पेनाकडे पाहिलंही नाही. "चूक तुमच्या माणसाच्या डोळ्यांची, आणि चुना माझ्या भिंतीला?"

"अट मान्य नसेल तर निकाल राखून ठेवतो," हिशेबनीस म्हणाले. "तोवर पट्टी नोटिशीप्रमाणेच."

अध्यक्षबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "काका, तुम्ही कलावंत माणूस. पांढऱ्या भिंतीवर दुसरं काही काढा. झाड काढा, डोंगर काढा. मजला तेवढा नको."

पडदेवाले उठून उभे राहिले. कुंचला धरावा तशी बोटं जुळवून त्यांनी उजवा हात वर नेला. खांद्यापर्यंत तो ठीक होता. त्याच्या वर गेला आणि मनगटापासून कोपरापर्यंत थडथड कापू लागला.

"खाली असला की शहाण्यासारखा वागतो," ते म्हणाले. "घास घेतो, सही करतो. भिंतीला लावला की हे असं. तीन वर्षं झाली. पुसायला एक दुपार पुरेल, बाई. परत काढायला माझ्याकडे काही उरलं नाही."

लेक त्या हाताकडे बघत राहिली. दिवसभर ती काउंटरवर थरथरत्या हातांत गोळ्यांच्या पुड्या ठेवायची, कुणाला चमचा कसा धरायचा ते दाखवायची, आणि घरातल्या हाताला गेली तीन वर्षं ती मूड नाही म्हणून बोल लावत होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. मग राग आला, आणि तो समोरच्या चार रंगांच्या पेनांवर निघाला. तिने बाबांपुढचा कागद परत आपल्याकडे ओढला.

"अट काढा," ती म्हणाली.

"आपण कोण?" हिशेबनिसांनी विचारलं.

"यांची लेक. पट्टी मी भरते. राखून ठेवा तुमचा निकाल. मजला आहे म्हणताय ना, मग आहे. दर महिन्याला त्याच्या नळासाठी अर्ज करीन. दर महिन्याला नळवाला शिडी घेऊन पाठवा आणि दर महिन्याला मजला आढळला नाही असा शिक्का मारून द्या. बघू आधी कोण थकतं. पण त्या भिंतीवर पांढरा रंग लागणार नाही."

मोबाइलवाल्या सदस्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. हिशेबनीस काही बोलायला गेले, पण अध्यक्षबाईंनी त्यांच्याच पुढ्यातलं लाल पेन उचललं आणि अटीच्या ओळीवर आडवी रेघ मारली. मग पाहणी करणाऱ्याला जवळ बोलावून त्याच्या वहीत, मजल्यांच्या रकान्यात, स्वतः लिहिलं: 'एक. वर चित्र आहे.'

बापलेक कचेरीच्या पायऱ्या उतरू लागले. शेवटच्या पायरीवर पडदेवाले थांबले.

"काय गं, खरंच राखून ठेवला असता निकाल, तर पट्टी भरणार होतीस कशातून?"

"माहीत नाही," लेक म्हणाली. "पण भिंतीला हात लावू दिला नसता."