दुधाच्या गाडीचा दिवा

नानांकडून मोटरसायकलची किल्ली काढून घेतली तेव्हा घरात कोणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. नाना म्हणजे माझे सासरे. ते ओट्यावर जाऊन बसले आणि माझ्या नवऱ्याने किल्ली आतल्या खोलीत खिळ्याला टांगली.

आमचं गाव पारोळ्याच्या जवळच. घरी म्हशी आहेत. संध्याकाळची धार काढून झाली की नाना दुधाचे दोन भरलेले कॅन गाडीच्या दोन्ही अंगांना अडकवायचे, पारोळ्यातल्या ठरलेल्या घरांत दूध घालायचे आणि येताना म्हशींसाठी सरकीची ढेप घेऊन यायचे. मी सून म्हणून या घरात आले तेव्हापासून हेच बघते आहे. त्या फेरीत नुसतं दूध नसतं. कोणाच्या घरी सोयरीक जमली, बाजार समितीत कापसाला काय भाव निघाला, कोणाची म्हैस आटली, सगळं नाना घेऊन येतात आणि जेवताना वाढतात. त्या आठवड्यात मात्र ते वाटेतल्या ओढ्यावरच्या मोरीजवळच्या खड्ड्यात गाडीसकट आडवे झाले. गुडघा सोलवटला, ढेपेचं पोतं फाटलं. नवऱ्याने निकाल देऊन टाकला की आता नानांना अंधारात दिसत नाही.

नवरा धुळ्याला नोकरीला आहे, रोज एसटीने जातो-येतो. वडिलांची काळजी त्याला खरोखर आहे. पहिल्यांदा नाना रस्ता दिसत नाही म्हणाले, तेव्हा त्यानेच धुळ्याहून पांढऱ्या उजेडाचा एलईडी दिवा आणून गाडीला बसवला होता. त्यानंतर समोरून येणारे नानांना शिव्या घालायला लागले. मग त्याने त्यांना जळगावला, मेहरूणकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले दोन्ही डोळे उत्तम आहेत, या वयात समोरच्या दिव्यांनी थोडं दिपतं एवढंच. नवऱ्याने दुसरं वाक्य लक्षात ठेवलं. नानांनी पहिलं.

"डोया चांगला शेतस मना," नाना ओट्यावरून एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं.

किल्ली खिळ्याला गेली तरी म्हशींना ते कळत नाही. दूध निघतच होतं. नवरा घरी पोचेपर्यंत उशीर होतो, म्हणून फेरी माझ्याकडे आली. मला मोटरसायकल येते. माझं माहेर साक्रीच्या पुढचं, डोंगराकडचं. तिकडे वडिलांनी आम्हा बहिणींना गाडी शिकवूनच सासरी पाठवलं, का तर चढावर अडकलं तर कोणाची वाट बघायला नको. पारोळ्यातल्या बायकांनी मला गेटातून आत येताना पाहिलं आणि दुधाआधी नानांची चौकशी केली. एका आजीने तर विचारलं की सुनेने सासऱ्याचं राज्य घेतलं का. मी म्हटलं, सध्या नुसती गाडी घेतली आहे.

जाताना उजेड होता. येताना अंधार पडला आणि मी दिवा लावला. रस्ता दिसेना. कडेच्या निंबांचे शेंडे मात्र स्वच्छ दिसत होते, विजेच्या तारा दिसत होत्या, एका बाभळीवर झोपलेले बगळे अगदी मोजून घ्यावेत असे दिसत होते. डिपर मारला तरी उजेड शेंड्यावरून जेमतेम फांदीवर आला. समोरून ट्रॅक्टर आला. त्याच्या ड्रायव्हरने माझ्या सात पिढ्यांची आठवण काढायला सुरुवात केली, जवळ आल्यावर बाई बघून जीभ चावली आणि, "ताई, लाइट खाली करा ना जरा," असं म्हणून निघून गेला. मग मोरी आली आणि मी नेमकी त्याच खड्ड्यातून गेले. पडले नाही, पण दात वाजले.

माझे डोळे चांगले आहेत. मी अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. गाडी मी बाजूला घेतली आणि विचार करण्याऐवजी आधी ढेपेच्या पोत्याची दोरी सोडली. पोतं घसरून खाली पडलं. गाडीचा मागचा भाग वर उठला, पुढचा खाली आला, आणि दिव्याचा उजेड झाडावरून उतरून रस्त्यावर येऊन पडला. इतका सोपा मामला होता. मागून येणारे दोघे थांबले आणि त्यांनी पोतं परत चढवून, बांधून दिलं. मी ते मुद्दाम पाडलं होतं हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

घरी येऊन मी सांगितलं. नवरा म्हणाला की दरवेळी सर्व्हिसिंगला मेकॅनिक भिंतीवर उजेड पाडून हेडलाइटचा रोख नीट लावून देतो, त्याच्या डोळ्यांसमोर लावतो. खरंच लावतो. पण रिकाम्या गाडीचा लावतो. कारण आमच्या घरात दुधाचा कॅन गॅरेजमध्ये जात नाही. हा माझ्या सासूचा, म्हणजे अक्कांचा, कायदा. दुधाच्या भांड्याला पेट्रोलचा वास लागता कामा नये. गाडी गॅरेजला निघाली की अक्का स्वतः कॅन उतरवतात, घासतात आणि पालथे घालतात. त्यामुळे गाडी दिवसा रिकामी जाऊन दिवा लावून घ्यायची आणि रात्री ओझं घेऊन बगळे बघत फिरायची. एवढी वर्षं जुना पिवळा बल्ब मंद होता आणि खड्डे नानांना पाठ होते, म्हणून निभलं. यंदा पावसाळ्याने नवे खड्डे पाडले आणि नवऱ्याने नवा दिवा आणला.

तेव्हा उपाय एकच होता. गाडी भरून, नानांना वर बसवून, घरीच दिवा लावायचा. दुसऱ्या दिवशी दूध मीच लवकर घालून आले, नवरा लवकरच्या एसटीने आला, आणि अंधार पडायच्या सुमाराला आम्ही गाडी शेजाऱ्यांच्या नुकत्याच पांढऱ्या केलेल्या भिंतीसमोर उभी केली. ढेपेचं पोतं बांधलं. कॅन अडकवले. आणि थंडीत भरलेले कॅन घेऊन जातानाही अंधार असतो, म्हणून मी नळीने कॅनमध्ये पाणी भरायला लागले.

अक्का आतून अशा आल्या की घराला आग लागली असावी.

"दूधना कॅनमा पानी? बठ्ठं गाव देखी राह्यनं!"

गाव खरोखरच बघत होतं. संध्याकाळची वेळ, माणसं ओट्यांवर. दूध विकणाऱ्या घरची सून भर गल्लीत कॅनमध्ये पाणी ओतते आहे, हे दृश्य कोण सोडणार? पलीकडच्या ओट्यावरचे एक भाऊ म्हणाले की चला, इतके दिवस आम्ही नुसतं ऐकत होतो. अक्का संतापल्या. मी म्हटलं, मग दूध भरू का? ते त्यांना परवडणार नव्हतं. वाळू भरू म्हटलं, तर कॅनला चरे पडतील. शेवटी त्यांनीच तोड काढली. पाणी भरायचं, पण झाकणं उघडी ठेवायची, आणि काम झालं की ते पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत म्हशींना पाजायचं. तोवर त्या कॅनशेजारी पहाऱ्याला उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगायला लागल्या की दिवा लावणं चालू आहे. त्यामुळे ज्यांना शंका नव्हती त्यांनाही आली.

नवऱ्याने आधी एलईडी काढून जुना बल्ब बसवला. त्याला ते जिवावर आलं. गाडी भिंतीला भिडवून दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर मी कोळशाची रेघ ओढली. मग गाडी सरळ मागे घेतली. नाना वर बसले, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, हँडल धरून. दिवा लावला, तर उजेड रेघेच्या कितीतरी वर, शेजाऱ्यांच्या कौलांवर. नवऱ्याने पाना घेतला, दिव्याच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट सैल केले आणि तोंड थोडं थोडं खाली झुकवत आणलं. डिपरवर उजेडाची वरची कड रेघेच्या हातभर खाली आली तेव्हा मी थांब म्हटलं. त्याने बोल्ट आवळले.

आवळताना त्याने शंका काढली. रिकाम्या गाडीला हा उजेड फार जवळ पडेल.

"रिकामी गाडी मी अंधारात कधी चालवली?" नाना म्हणाले. मुलाशी ते किल्ली गेल्यापासून पहिल्यांदा बोलत होते.

आता प्रश्न राहिला तो भरवशाचा. भिंत वेगळी आणि मोरी वेगळी. नवऱ्याने सांगितलं की तो मागे बसून मोरीपर्यंत जाऊन येईल, मग ठरवेल. दोन कॅन, ढेप आणि वर नवरा एवढं गाडीवर मावणार नव्हतं, म्हणून ढेप उतरवली आणि ढेपेच्या जागी नवरा बसवला. अक्कांनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि वजन सारखंच भरतं असा शेरा दिला. गल्ली हसली. नानाही हसले.

गाडी गेली. मी आणि अक्का गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलो. लाल दिवा वळणावर दिसेनासा झाला. अक्का मला म्हणाल्या की आता हा मागून सूचना करेल आणि ते ऐकणार नाहीत. मी म्हटलं, ऐकू येऊ नये म्हणूनच ते गाडी तिसऱ्या गियरवर ओढतात.

परत आले तेव्हा गाडी नानाच चालवत होते, आणि बरं चाललं असावं हे नवऱ्याच्या बसण्यावरून कळलं. तो सैल बसला होता. त्याने नंतर सांगितलं की मोरीच्या बऱ्याच अलीकडे नाना हळू झाले, खड्डा बाजूला टाकला, पुढे जाऊन गाडी वळवली आणि येताना परत तो बाजूला टाकला. समोरून दोन गाड्या गेल्या, कोणी ओरडलं नाही. नवऱ्याने त्यांना विचारलं होतं की कसं वाटतं.

"आते रस्ता दिखस," नाना म्हणाले होते. "बगळा नही दिखतस."

नवरा उतरला. किल्ली काढायला त्याचा हात गेला नाही. ती गाडीलाच राहिली आणि नानांनी काढून आपल्या खिशात टाकली. मग आम्ही कॅन उतरवून ते पाणी म्हशींसमोर ओतलं. त्यांना तहान नव्हती. अक्कांनी थोपटून थोपटून त्यांना पाजलं, गल्ली संपूर्ण पांगेपर्यंत.

पाण्याची बातमी नानांच्या आधी पारोळ्याला पोचली. सुनेच्या राज्याची चौकशी करणाऱ्या त्याच आजींनी त्यांना गेटातच विचारलं. नाना म्हणाले, हो, कॅनमध्ये पाणी होतं, म्हशींनी प्यायलं, म्हणजे आलं तर दुधातच आलं असेल. हे त्यांनीच आम्हाला जेवताना सांगितलं, कापसाच्या भावाच्या आधी.

शेजाऱ्यांच्या भिंतीवरची कोळशाची रेघ अजून आहे. आजूबाजूचे दोन-तीन दूधवाले आपल्या गाड्या घेऊन तिथे येऊन गेले. कॅनमध्ये पाणी भरायला अक्का त्यांना आमच्या नळाची नळी देतात. म्हशी मात्र त्यांनी आपापल्या आणाव्यात, असं सांगतात.