वांगे चिरायला नवा चाकू

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा डॉक्टरांनी पहिली बंदी घातली ती खाली बसण्यावर. आणि पावशीवर, म्हणजे विळीवर, उभ्यानं कोण काय चिरणार? सासरी आल्यापासून वापरलेली पावशी सज्ज्यावर गेली आणि मी नेरच्या बाजारातून हिरव्या मुठीचा एक स्वस्तातला चाकू आणला.

विकणाऱ्यानं टमाट्याची पातळ चकती कापून दाखवली होती. तीच त्या चाकूची शेवटची करामत. महिनाभरात तो टमाटे कापायचं सोडून चेंगरायला लागला. कपाच्या बुडावर घासला, ओट्याच्या कडेवर घासला. दोन दिवस नीट चालायचा, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दुसरा आणला, त्याची मूठ हलायला लागली. तिसऱ्याचं टोक कोहळ्यात मोडलं. गुडघे होतेच, आता मनगटही दुखायला लागलं. आमचे हे ताटातली वेडीवाकडी फोड उचलून विचारायचे, "कायले आणतं वं असले चाकू? लोखंड हाय का पत्रा?" त्यांचं खरं होतं. पण चाकूसारख्या वस्तूवर जास्त पैसे टाकायला माझा हात धजत नव्हता.

आमच्या गल्लीत लग्न असलं की आदल्या दिवशी दुपारी बाया वांगे चिरायला जमतात. स्वयंपाकाचा ठेका आचाऱ्याला दिलेला असला तरी वांगे बायांनीच चिरायचे. प्रत्येकीनं आपली पावशी घरून न्यायची. सरमिसळ होऊ नये म्हणून कोणी तिला लाल दोरा बांधते, कोणी नेलपॉलिशचा ठिपका देते. त्या दुपारी मांडवात जे हसणं होतं ते दुसऱ्या दिवशी लग्नात होत नाही. सुना सासवांच्या नकला करतात आणि सासवा ऐकून घेतात. मला लग्नापेक्षा ती दुपारच जास्त आवडते.

मागच्या वर्षी शेजारच्या मुलीच्या लग्नात मी मुद्दाम नवा चाकू घेऊन गेले. सगळ्या खाली, मी एकटी खुर्चीवर, मांडीवर परात. थोडे वांगे झाले असतील नसतील, तर मूठ माझ्या हातात आणि पातं वांग्यात. "काकू, तुमच्या चाकूले बी गुडघेदुखी झाली का?" एकीनं विचारलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. दुसरा चाकू तिथे मिळणार कुठून? सगळ्यांजवळ पावशाच. एकीनं माझ्यासमोरचे वांगे हळूच आपल्याकडे ओढले आणि दुसरीनं मला लसूण सोलायला दिला. लसूण आमच्याकडे पोरींना आणि म्हाताऱ्यांना देतात. मला फार लागलं ते, पण बोलणार कोणाला?

मग मात्र मुलाला सांगून नागपूरहून भारी चाकू मागवला. जड आहे, पण वांग्याचं देठसुद्धा एका दाबात कापतो. कित्येक महिने झाले, अजून धार तशीच आहे. मी लग्नसराईची वाट पाहत होते.

परवा पलीकडच्या घरची सून अक्षता घेऊन आली. त्यांच्याकडे मुलाचं लग्न. निघताना म्हणाली, "अन् काकू, वांगे चिराले नका येऊ बरं का. तुमाले कायले तरास? दुसऱ्या दिवशी सीध्या जेवालेच या." इतक्या मायेनं म्हणाली की नव्या चाकूचं सांगायला तोंडच उघडेना. "बरं वं माय," म्हटलं.

काल दुपारी मांडवातून हसणं ऐकू येत होतं. मीही ओट्याशी उभी राहून वांगे चिरायला घेतले. चाकू सरसर चालत होता. पण दोघांची भाजी, तिला वेळ तो किती लागणार? माझी चिरून झाली तेव्हा तिकडे बाया नुकत्याच रंगात आल्या होत्या.